कार्टूनमधली लुकलुक आणि फिट: अफवा किती, खरे किती

ताई, आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. आपला आठ वर्षांचा मुलगा रात्री दिवा मालवून मोबाइलवर कार्टून पाहतो. गेल्या महिन्यात दोनदा लढाईचे दृश्य चालू असताना त्याच्या पापण्या फडफडल्या, काही क्षण तो हाकेला ओ देईना आणि नंतर डोके दुखते म्हणाला. सासूबाईंचे म्हणणे की कार्टूनने फिट येते. आपल्या भावाचे म्हणणे की ही पोकेमॉनच्या काळातली जुनी अफवा आहे. कार्टून कायमचे बंद करावे का, आणि डिसेंबरातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात लुकलुकणारे दिवे असतात तिथे त्याला नाचायला पाठवावे का, असे आपण विचारले आहे.

मी डॉक्टर नाही. अंधेरीतल्या एका स्टुडिओत मुलांच्या कार्यक्रमांची प्रसारणापूर्वीची शेवटची तपासणी, म्हणजे आमच्या भाषेत क्यूसी, हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे आणि त्या तपासणीचा एक भाग नेमका याच विषयाचा असतो. त्यामुळे पडद्यावर काय घडते हे मी खात्रीने सांगू शकतो. मुलाच्या मेंदूत काय घडले हे डॉक्टरांनीच पाहायला हवे, आणि तेही लवकर. पापण्यांची फडफड कोरड्या डोळ्यांमुळे किंवा सवयीमुळेही होते, पण तिच्या जोडीला हाकेला ओ न देणे आले की बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणे टाळू नये. पुन्हा तसे झाले, तर घरातल्या दुसऱ्या कोणी मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवावे, कारण दवाखान्यात तोंडी वर्णनापेक्षा ते वीस सेकंदांचे चित्रण अधिक उपयोगी पडते. मात्र चित्रण मिळावे म्हणून तेच दृश्य त्याला मुद्दाम पुन्हा दाखवू नका.

आता अफवेबद्दल. ती अफवा नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी संध्याकाळी जपानमध्ये टीव्ही टोकियोवर पोकेमॉनचा एक भाग लागला. त्यात एका स्फोटाच्या दृश्यात जवळजवळ संपूर्ण पडदा लाल आणि निळ्या रंगांत सेकंदाला साधारण १२ वेळा आळीपाळीने उजळला, आणि हे काही सेकंद चालले. त्या संध्याकाळी ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले व त्यांपैकी दीडशेहून अधिक मुलांना दाखल करून घेतले गेले. बहुतेकांना पूर्वी कधीही फिट आलेली नव्हती. रात्रीच्या बातम्यांत तेच दृश्य पुन्हा दाखवले गेल्यामुळे आणखी काही मुलांना त्रास झाला, याला काय म्हणावे ते मला आजही सुचत नाही. मालिका चार महिने बंद राहिली आणि तो भाग त्यानंतर जगात कुठेही प्रसारित झालेला नाही. म्हणजे आपल्याकडच्या मुलांनी वाहिनीवर पाहिलेल्या पोकेमॉनमध्ये तो कधीच नव्हता. त्यानंतरच्या दिवसांत हजारो मुलांनी मळमळ आणि डोकेदुखीच्या तक्रारी केल्या; त्यांत भीतीचा आणि ऐकीव बातम्यांचा वाटा मोठा होता असे काही अभ्यासकांनी मांडले आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. आपल्या भावाने जे वाचले असेल ते बहुधा या नंतरच्या तक्रारींबद्दलचे असावे. पहिल्या रात्रीच्या फिट मात्र खऱ्या होत्या.

हा प्रकार काही पोकेमॉनपासून सुरू झाला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये जपानच्याच एनएचके वाहिनीवरच्या एका कार्टूनमुळे चार मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. त्याआधी १९९३ साली ब्रिटनमध्ये नूडल्सच्या एका जाहिरातीने तीन जणांना फिट आली, आणि तिथल्या नियामकाने लुकलुकणाऱ्या दृश्यांसाठी नियम केले. जपानने १९९८ साली स्वतःचे नियम केले. तिकडच्या कार्टूनच्या सुरुवातीला 'खोलीत उजेड ठेवा आणि पडद्यापासून लांब बसून पाहा' अशी जी सूचना येते, ती तेव्हापासूनची.

असे का होते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण काय टाळायचे आणि काय नाही हे त्यावरूनच ठरते. डोळ्यांवर प्रकाशाचा झोत पडला की मेंदूच्या मागच्या भागातील, म्हणजे दृष्टीच्या केंद्रातील पेशी त्याला प्रतिसाद देतात. एरवी या पेशी आपापल्या वेळेनुसार काम करतात. संपूर्ण पडदा ठरावीक वेगाने उजळू-विझू लागला, की लेझीमच्या पथकाने एकाच ठेक्यावर पावले टाकावीत तशा त्या सगळ्या एकदम चालू-बंद होऊ लागतात. बहुतेकांच्या मेंदूत या लाटेला आवर घालणारी यंत्रणा पुरेशी असते. काही जणांत ती कमी पडते, लाट पसरते आणि फिट येते. याला प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात. सर्वसाधारण लोकसंख्येत याचे प्रमाण सुमारे चार हजारांत एक धरले जाते; ७ ते १९ या वयोगटात ते त्याच्या सुमारे पाचपट असते. ज्यांना अपस्मार आहे, अशा शंभरांतल्या साधारण तिघांनाच प्रकाशाने त्रास होतो. म्हणून 'फिटचा आजार आहे म्हणून टीव्ही बंद' हा आपल्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत निराधार आहे.

सगळ्याच लुकलुकीत धोका नसतो. सेकंदाला १५ ते २५ वेळा होणारी लुकलुक सर्वांत त्रासदायक ठरते, तीनपेक्षा कमी असेल तर धोका फारच थोडा. उजेड आणि अंधार यांतला फरक जितका जास्त आणि पडद्याचा जितका मोठा भाग एकाच वेळी उजळतो, तितका परिणाम अधिक. गडद लाल रंगाचा वाटा वेगळा मोजावा लागतो, कारण उजेडातला फरक फारसा नसतानाही लाल आणि दुसरा रंग आळीपाळीने आले तर ते काहींना सोसत नाही. पोकेमॉनच्या त्या दृश्यात नेमके हेच घडले होते. शिवाय प्रकाश न लुकलुकताही, ठळक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी काही जणांना त्रास देते.

आमच्या तपासणीत याचे गणित केलेले असते. पडदा एकदा उजळून पुन्हा काळवंडला की ती एक लुकलुक. कोणत्याही एका सेकंदात अशा तीनपेक्षा जास्त लुकलुकी, त्याही पडद्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक भागावर आल्या, की फाइल नापास. इंग्लंडमधील अ‍ॅस्टन विद्यापीठाचे प्राध्यापक ग्रॅहम हार्डिंग यांच्या संशोधनावर बेतलेले एक सॉफ्टवेअर आहे. ते फ्रेमनुसार, म्हणजे एकेका स्थिर चित्रानुसार, हिशेब करून आलेख काढते आणि मर्यादा ओलांडली त्या जागेचा टाइमकोड, म्हणजे कार्यक्रमातली नेमकी वेळ, देते. ब्रिटनमधल्या वाहिन्या हा अहवाल जोडल्याशिवाय कार्यक्रम स्वीकारतच नाहीत.

नापास होणारे दृश्य बहुतेक वेळा एकाच साच्याचे असते: नायक शक्ती धारण करतो, मागे विजा चमकतात, आणि अ‍ॅनिमेटरने एक फ्रेम पांढरी, एक काळी, पुन्हा एक पांढरी अशी माळ लावलेली असते. सेकंदाला २५ फ्रेम असल्याने ही साडेबारा लुकलुकी होतात, म्हणजे पोकेमॉनच्या आकड्याच्या अगदी शेजारी. दुरुस्ती साधी असते. पांढरा रंग राखाडीकडे ओढायचा, किंवा तीच पांढरी फ्रेम चार-पाच फ्रेमपर्यंत टिकवायची आणि विजा दोनच ठेवायच्या. लाल असेल तर त्याचा गडदपणा उतरवायचा. दिग्दर्शक कुरकुरतात की दृश्याचा दम गेला. मला विचाराल तर पाहणाऱ्या मुलांना तो फरक कळतसुद्धा नाही. आवाज आणि संगीत जागेवर असले की वीज तितक्याच जोराने कोसळते.

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे येतो. ही चाळणी सगळीकडे नसते. २०१८ साली 'इन्क्रेडिबल्स २' या अ‍ॅनिमेशनपटातल्या एका लुकलुकणाऱ्या दृश्यामुळे परदेशांत चित्रपटगृहांबाहेर सूचना लावाव्या लागल्या आणि ब्रिटनमध्ये ते दृश्य बदलून दाखवले गेले. एवढ्या मोठ्या निर्मात्यांच्या हातून हे सुटते, तर कोणीतरी घरी बसून कापाकापी करून इंटरनेटवर चढवलेल्या व्हिडिओंबद्दल काय बोलावे. कार्टूनमधल्या फक्त लढाया एकापुढे एक जोडून, वर झगमगाटाचे इफेक्ट चढवून केलेले व्हिडिओ मुलांना फार आवडतात. त्यांची तपासणी कोणी केलेली नसते, आणि एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. आपण लिहिलेल्या वर्णनावरून आपला मुलगा वाहिनीवरची मालिका नव्हे, तर असेच काहीतरी पाहत होता असे मला वाटते. हे आधी तपासा.

दुसरी गोष्ट अंतराची. मोबाइलचा पडदा लहान असल्याने तो सुरक्षित, हे अर्धेच खरे आहे. पंधरा सेंटिमीटर लांबीचा मोबाइल आडवा धरून डोळ्यांपासून वीस सेंटिमीटरवर आणला, तर तो नजरेचा जेवढा भाग व्यापतो, तेवढाच भाग ३२ इंची टीव्ही एक मीटरहून थोड्या कमी अंतरावरून व्यापतो. पांघरुणात शिरून मोबाइल पाहणारे मूल खरे तर टीव्हीला नाक लावून बसलेले असते. त्यात खोलीत अंधार असला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उजेड-अंधारातला फरक आणखी ठळक भासतो. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही टीव्ही एका भिंतीला आणि मूल समोरच्या भिंतीला टेकून बसले, तर अडीच-तीन मीटर अंतर सहज मिळते. तेव्हा डॉक्टरांचा निर्णय होईपर्यंत एवढे करा: मोबाइल बंद, टीव्ही लांबून, ट्यूबलाइट चालू, पडद्याची ब्राइटनेस कमी, आणि रात्रीची झोप पुरेशी. अपुऱ्या झोपेने ही संवेदनशीलता वाढते, हे लोक विसरतात. आयफोन असेल तर २०२३ पासून त्यात लुकलुकणारी दृश्ये मंद करणारी 'डिम फ्लॅशिंग लाइट्स' नावाची सोय आहे, ती सुरू करा. मात्र ती सगळ्या व्हिडिओंवर चालत नाही, म्हणून तिच्यावर विसंबून राहू नका.

त्याला एक युक्ती शिकवून ठेवा. पडदा लुकलुकू लागला की एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचे. एका डोळ्याकडून आलेला प्रकाश मेंदूला तेवढा उत्तेजित करू शकत नाही, म्हणून हे लागू पडते. नुसते डोळे मिटल्याने भागत नाही, कारण पापणीतून प्रकाश आत येतोच आणि येताना लालसर होऊन येतो.

तपासणीला गेलात तर बहुधा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढायला सांगतील. परळ-शीवच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत ती होते. त्यात डोक्याला तारा लावून काही वेळ डोळ्यांसमोर दिवा वेगवेगळ्या वेगाने लुकलुकवतात; प्रकाशसंवेदनशीलता असेल तर त्यात दिसण्याची शक्यता चांगली असते. आदल्या दिवशी त्याचे केस धुवा आणि तेल लावू नका, नाहीतर तारा नीट चिकटत नाहीत आणि परत यावे लागते. मुलाला आधीच सांगून ठेवा की सुई नाही, शॉक नाही, फक्त दिवा आहे. आठ वर्षांच्या मुलाला याचीच भीती जास्त असते.

सासूबाईंना विरोध न करता एवढे पटवा की प्रत्यक्ष फिट आलीच, तर कांदा, चप्पल, चमचा यांपैकी काहीही जवळ आणायचे नाही. पडदा बंद करायचा, मुलाला कुशीवर वळवायचे, गळ्याजवळचे बटण सैल करायचे, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात पाणीसुद्धा घालायचे नाही, आणि घड्याळाकडे पाहायचे. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी सुरू झाली, तर १०८ ला फोन करायचा.

कार्टून कायमचे बंद करण्याची गरज मला दिसत नाही. सौम्य गतीच्या, साध्या गोष्टींच्या मालिका उजेडात, लांबून पाहू द्या. त्याने मुलाचे काही बिघडत नाही. भराभर बदलणाऱ्या दृश्यांनी मुले चिडचिडी होतात की नाही, हा वाद वेगळा आहे, तो यात मिसळू नये. पडद्याबाहेरच्या इतर गोष्टींत गणपतीच्या मखरातली बारीक माळ चिंतेची नाही, पण विसर्जनाच्या मिरवणुकीतले स्ट्रोब, म्हणजे झपझप लुकलुकणारे प्रखर दिवे, आणि सभागृहातल्या वाढदिवसाचे डिस्को दिवे यांपासून तपासणी होईपर्यंत त्याला लांब ठेवा. धावत्या लोकलच्या खिडकीत खांबांआडून येणारे तिरपे ऊनही काहींना त्रास देते. तशा वेळी त्याला उन्हाकडे पाठ करून बसवा.

राहिला स्नेहसंमेलनाचा प्रश्न. डॉक्टरांनी मनाई केली नाही तर त्याला अवश्य नाचू द्या, पण वर्गशिक्षिकांना आताच लेखी कळवा आणि रंगीत तालमीच्या दिवशी स्वतः जाऊन लाइटवाल्याला भेटा. नेहमीचे रंगीत दिवे चालतील. फक्त स्ट्रोब त्या नाचापुरता बंद ठेवायला सांगा. मुख्याध्यापकांनी हरकत घेतली, तर निदान त्याचा वेग सेकंदाला तीनच्या खाली आणायला सांगा. ते बटण लाइटवाल्याच्या हाताशीच असते आणि या कामाला त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.