कुंडीतली तुती दोन वर्षांची झाली, पानं भरपूर पण फळ नाही. काय करू? आणि शहतूत म्हणजे तुतीच का?

हो, तुतीच. शहतूत हे हिंदी नाव. बाजारात बोटभर लांब, हिरवट-पांढरी मिळते तिलाही शहतूतच म्हणतात, ती तुतीचीच दुसरी जात.

आता फळाचं. बहुतेक कुंड्यांमध्ये अडचण एकच असते, झाडाला कात्री लागलेली नसते. तुतीची फुलं नव्या फुटव्यावर येतात, जुनी फांदी नुसती ग्रिलबाहेर लांबत जाते. पाऊस सरला की ऑक्टोबरात झाड निम्म्यावर छाटा आणि उरलेल्या फांद्यांवरचं पान न् पान हाताने काढून टाका. जिवावर येतं, पण कराच. जालना-बीडकडचे शेतकरी रेशीमकिड्यांना पाला घालायला हेच झाड वर्षातून चार-पाच वेळा छाटतात आणि ते दर वेळी तितक्याच जोमाने फुटतं.

छाटल्यावर काही दिवसांत डोळे फुगतात आणि कोवळ्या पानाच्या बेचक्यातून फूल डोकावतं. ते नीट बघा, कारण तुतीत नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात. आखूड, हिरवा, पांढऱ्या केसांचा घोस असेल तर मादी, म्हणजे फळ येणार. माझ्या मुलुंडच्या बाल्कनीत असा घोस दिसला की मी रोज सकाळी तिथेच उभी असते! लांबट, लोंबता, पिवळट पूड सांडून गळून जाणारा असेल तर झाड नर, त्याला फळ धरणार नाही. (पण ते फूल मोठं अजब आहे. पराग उडवण्याचा त्याचा वेग आवाजाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त मोजला गेलाय.) अशा वेळी फळणाऱ्या झाडाची पेन्सिलएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी पावसाळ्यात लावा, सहज रुजते. शेजारी नर झाड नसलं तरी चालतं, बऱ्याच जाती परागाशिवायही फळतात.

ऊन मात्र पाच-सहा तास हवंच. समोर टॉवर उभा राहून सावली पडली असेल तर छाटूनही उपयोग होत नाही, कुंडी गच्चीत न्या.

फळ लाल असताना तोडू नका. तोडल्यावर ते पिकत नाही, आंबटच राहतं. पूर्ण काळं होऊन नुसत्या स्पर्शाने हातात आलं की खा, आणि बुलबुलांच्या आधी खायचं असेल तर जाळी आताच आणून ठेवा.