वीज गेली, सत्र तुटलं

प्रश्न : मी रत्नागिरीत समुपदेशन करते. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर असूनही व्हिडिओ सत्र तुटतं. उपाय?

उत्तर : इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर खंड पडतो. दिवा नुसता लुकलुकतो, राउटर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. नेट यायला दोन-तीन मिनिटं जातात. राउटरला वेगळा मिनी यूपीएस लावा, म्हणजे वीज खंडित होऊ न देणारी छोटी बॅटरी. आधी राउटरच्या अडॅप्टरवरचं ‘आउटपुट’ वाचा, बहुधा १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर त्याहून कमी नकोत. फायबरची इंटरनेट केबल जिथे येते तो डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा. फसगत होते ती इथेच. खाऱ्या हवेने अडॅप्टरची पिन हिरवट पडते, वीज बंद करून कोरड्या फडक्याने पुसा.

आणि चित्र गेलं तर फोन कोणी करायचा, हे पहिल्याच सत्रात ठरवा. रडवेल्या माणसाला काळ्या पडद्यासमोर ताटकळत ठेवू नये.