‘अंकल, शुगर मत लिखवाओ’

प्रश्न : मी इंदूरला अकरा वर्षं आरोग्य विम्याची एजंट आहे. लोकमान्य नगर, सुदामा नगरातली बरीच मराठी कुटुंबं माझ्याकडे आहेत. वर्षभरापासून दुसऱ्या कंपनीचा एक एजंट माझे ग्राहक फोडतोय. माझी कंपनी बंद पडणार, क्लेम देतच नाही, असं सांगत फिरतो. एका निवृत्त शिक्षक काकांची सात वर्षांची पॉलिसी 4 तारखेला संपली. त्याने ती रिन्यू करू दिली नाही, नवीच काढून दिली. फॉर्म भरताना ‘अंकल, शुगर मत लिखवाओ, प्रीमियम बढ़ जाएगा’ म्हणाला. काका बारा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेतात. शिवाय ‘जीएसटी मी भरतो’ म्हणून चार हजार यूपीआयने परत पाठवले. पॉलिसीची पीडीएफ 9 तारखेला त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आली. मी त्याला मानहानीची नोटीस पाठवू का? सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकू का? कमिशनमधून थोडंफार मीही कधीतरी सोडते, पण खोटं कधी बोलले नाही.

उत्तर : ताई, तारखा पाहून तुम्हाला त्याच दिवशी फोन केला होता. बाकीचं सविस्तर इथे लिहितो, कारण या कात्रीत सापडलेले बरेच जण असतील.

तुमचं भांडण बाजूला ठेवा, आधी काकांचं बघा. त्यांच्या हातून काय गेलं, हे त्यांना अजून कळलेलं नाही. सात वर्षं सलग हप्ते भरल्यामुळे जुन्या पॉलिसीत मधुमेहासारख्या आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो, केव्हाच संपला होता. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) 2024 च्या नियमांनुसार सलग 60 महिने झाले की ‘तुम्ही आजार लपवला’ असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच. म्हणजे काकांची जुनी पॉलिसी मुरलेल्या लोणच्यासारखी होती. नवीत सगळं पहिल्यापासून. पहिले 30 दिवस अपघात सोडला तर काहीच नाही, मोतीबिंदू-हर्नियासारख्या ठरावीक आजारांना थांबा, आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबा. आणि तो ‘आधीचा आजार’ फॉर्मवर लिहिलेलाच नाही! उद्या पायाची जखम चिघळून काका दवाखान्यात गेले, तर तिथल्या केस पेपरवर डॉक्टर पहिल्या ओळीत ‘मधुमेह, बारा वर्षं’ लिहिणार. तो कागद कंपनीकडे गेला की क्लेम संपला. ‘एजंटने भरला, मी फक्त सही केली’ ही सबब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका विमा प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे : सही करणारा फॉर्मच्या मजकुराला बांधला जातो.

सुदैवाने दोन खिडक्या अजून उघड्या आहेत. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला मुदत संपल्यावर 30 दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात हप्ता भरला तर सात वर्षांची सलगता टिकते. मधल्या दिवसांत झालेल्या आजाराला मात्र संरक्षण नसतं. दुसरीकडे, नवी पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, यालाच फ्री-लुक म्हणतात. ‘अटी मान्य नाहीत’ एवढी एक ओळ पुरते. जितके दिवस विमा चालू होता त्याचा हिशेब, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत येतात. क्रम उलटा करू नका. जुनी आधी रिन्यू करून तिची पावती हातात घ्या, मगच नवी रद्द करा. नवी आधी सोडली आणि जुनीत काही अडकलं, तर काका दोन्हींकडून उघडे पडतील.

(काकांना खरंच कंपनी बदलायची असती, तर पोर्टिंगचा, म्हणजे जुनी सलगता घेऊन दुसऱ्या कंपनीत जाण्याचा, रस्ता होताच. रिन्यूअलच्या दीडेक महिना आधी, मधुमेह लिहून अर्ज केला असता तर सात वर्षांचं पुण्य सोबत गेलं असतं. त्या गृहस्थाला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.)

आता त्याच्या थापा. ‘जीएसटी मी भरतो’ ही तर मला जवळजवळ आवडलीच. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे. सरकारच जे घेत नाही, ते माफ केल्याचं श्रेय हा घेतोय. काकांच्या पावतीवर कराच्या रकान्यात काय छापलंय ते बघा आणि त्या पानाचा फोटो ठेवा.

परत आलेले चार हजार मात्र विनोदाचे नाहीत. विमा कायदा, 1938 च्या कलम 41 प्रमाणे कमिशनमधून सूट देणं हा गुन्हा आहे आणि दंड 10 लाखांपर्यंत आहे. हे प्रपोजल फॉर्मवरच छापलेलं असतं, पण कोणी वाचत नाही. त्यात एक मेख आहे : तेच कलम सूट घेणाऱ्यालाही लागू होतं. म्हणून काकांना ते चार हजार यूपीआयनेच परत पाठवायला सांगा आणि त्याची नोंद जपा.

आणि ताई, तुमचं ते ‘थोडंफार मीही सोडते’. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं. खोटं बोलणं आणि सूट देणं तुमच्या मनात वेगळं असेल, कलम 41 मध्ये नाही. उद्या तुम्ही तक्रार केलीत, तर त्याचा वकील तुमच्या एखाद्या खूश ग्राहकाला साक्षीला बोलावेल. आजपासून ते बंद करा. हात स्वच्छ असल्याशिवाय बोट दाखवायला जाऊ नये, हे मी तुम्हाला वकील म्हणून सांगतोय. उपदेश करायचा हक्क मला नाही.

नोटिशीचं म्हणाल, तर आत्ता नको. तो बदनामी कंपनीची करतोय, तुमच्याबद्दल काय बोलला हे पत्रात कुठे आलेलं नाही. ग्रुपवर त्याचं नाव टाकलंत, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली मानहानीची तक्रार तोच तुमच्यावर करेल. दोनशे जणांच्या ग्रुपमधला स्क्रीनशॉट मिळवायला त्याला पाच मिनिटं लागतील.

तक्रार करायची ती काकांनी. आधी नव्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी, मग नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर. तिथे एजंटने किंवा वकिलाने ग्राहकाच्या वतीने केलेली तक्रार घेत नाहीत, म्हणजे तुम्हीही नाही आणि मीही नाही. पैसे अडले तर विमा लोकपाल, आपल्याकडचं कार्यालय भोपाळला आहे. फी लागत नाही. ग्राहक आयोगाचा दरवाजाही आहेच, पण पैसे परत मिळाले तर तिथे नुकसान काय दाखवणार?

तुमच्या नावाने एक काम होऊ शकतं. एजंटांच्या आचारसंहितेत ग्राहकाला माहिती लपवायला लावणं आणि चालू पॉलिसी बंद करायला भाग पाडून आपल्याकडची काढायला लावणं, दोन्हींना मनाई आहे. आणि एजंटच्या वागण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्या कंपनीवरही येते, एक कोटीपर्यंत दंडासकट. तुमच्या शाखा व्यवस्थापकाला सगळा प्रकार तारखांसह लिहून द्या. त्यांनी तो कंपनीमार्फत समोरच्या कंपनीला कळवावा. विशेषणं नकोत. ‘शुगर मत लिखवाओ’ची व्हॉइस नोट काकांच्या फोनवर असेल, तर ती फॉरवर्ड करत बसू नका, मूळ फोनमध्येच राहू द्या. पुढे न्यायालयात लागली, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र त्या फोनवरूनच करायचं असतं.

नवी पॉलिसी रद्द करायच्या अर्जाला काकांच्या स्वतःच्या खात्याचा रद्द चेक जोडा. अर्जाआधी आणखी एक गोष्ट करा. नव्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर जो मोबाइल नंबर आणि ईमेल छापलाय, तो काकांना मोठ्याने वाचायला सांगा. पीडीएफ कंपनीकडून थेट न येता त्याच्याकडून आली, म्हणून मला शंका येतेय की तो नंबर काकांचा नाही. तसं निघालं तर आधी कंपनीत तो बदलून घ्या, नाहीतर अर्ज पोचल्याचा पहिला मेसेज त्यालाच जाईल आणि संध्याकाळी तो मिठाई घेऊन काकांच्या दारात उभा असेल.