लाईव्हच हवं, पण कशासाठी?

व्हिडिओ लाईव्ह दाखवायचा की रेकॉर्डेड, हा गोंधळ काही संपत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नांना पुन्हा एकदा उत्तरं.

प्रश्न : नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका क्लाससाठी ॲप करतोय. सरांना तास लाईव्हच हवेत. मुलं मात्र रात्री बघतात.

मग रेकॉर्डेड. शंकांचा एक तास आठवड्यातून लाईव्ह ठेवा.

प्रश्न : एमपी-4 फाइल ॲपमध्ये सुरू व्हायला मिनिटभर लागतो. सर्व्हर बदलू का?

सर्व्हरला हात लावू नका. फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे ‘मूव्ह ॲटम’, बहुधा शेवटी गेलीय. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फास्टस्टार्ट’ देऊन ती पुढे आणा, व्हिडिओ पुन्हा एन्कोड, म्हणजे नव्याने कॉम्प्रेस, करावा लागत नाही. तरी अडलं तर फाइल जाणकाराला दाखवा.

प्रश्न : ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणारा फ्लॅश 2020 मध्ये बंद झाला. मग त्याच्यासाठी बनलेली आरटीएमपी ही व्हिडिओ पाठवायची पद्धत कशाला शिकायची?

कॅमेऱ्याकडून सर्व्हरकडे व्हिडिओ पाठवायला. ओबीएस या लाईव्ह करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही तीच सर्रास चालते.

प्रश्न : कांद्याचा लिलाव मोबाइलवर बघून व्यापाऱ्यांना बोली लावता यावी, असं ॲप करतोय. एक कंपनी एचएलएसवर ‘झिरो लेटन्सी’, म्हणजे शून्य उशीर, देते म्हणते. सही करू?

नका करू. झिरो लेटन्सी नावाची वस्तू बाजारात मिळत नाही. एचएलएस म्हणजे व्हिडिओचे तुकडे करून पाठवणं. ॲपलने 2009 मध्ये ते आणलं तेव्हा तुकडा 10 सेकंदांचा असे, आता शिफारस 6 ची आहे. प्लेअर साधारण तीन तुकडे हाताशी घेऊन मग सुरू होतो. 18 सेकंद इथेच गेले, एन्कोडिंगचे आणि नेटवर्कचे वेगळे. तेवढ्यात आवारात एका ट्रॅक्टरचा भाव फुटून घोळका पुढच्या ट्रॅक्टरपाशी पोचलेला असतो. तुमचा व्यापारी विकलेल्या कांद्यावर बोली लावणार आणि शिव्या तुम्हाला घालणार.

लो-लेटन्सी एचएलएसने हे काही सेकंदांवर येतं, बोलीला तेही जास्तच. इथे वेबआरटीसी, म्हणजे व्हिडिओ कॉलमधलं तंत्र, हवं. चित्र बहुतेक वेळा सेकंदाच्या आत पोचतं, पण बघणारे वाढले की सर्व्हर आणि बिल दोन्ही फुगतात.

डेमो त्यांच्या ऑफिसात, त्यांच्या वायफायवर बघूच नका. कॅमेऱ्यासमोर मोबाइलचं स्टॉपवॉच धरा. शेजारी दुसऱ्या मोबाइलवर, सिमच्या डेटावर, ॲप उघडा. तिसऱ्या मोबाइलने दोन्हींचा एकत्र फोटो काढा. आकड्यांतला फरक ही खरी लेटन्सी. एका विक्रेत्याच्या ‘झिरो’चे मी असे 23 सेकंद मोजले. म्हणे, “सर, तुमचं नेट स्लो आहे.”

करारात सेकंद लिहून घ्या. मोबाइलवरची बोली नियमात बसते का, हे बाजार समितीला आणि वकिलाला विचारा. कोड त्यानंतर.

प्रश्न : 2027 च्या सिंहस्थात रामकुंडावरून लाईव्ह करायचंय. सिमवर चालेल ना? प्लॅन ‘अनलिमिटेड’ आहे.

ऐन पर्वणीच्या गर्दीत साधा फोन लागायची मारामार, तिथे अपलोड कुठलं? वायरचं कनेक्शन घ्या, कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग चालू ठेवा. आणि हिशोब करा : अडीच एमबीपीएसच्या वेगाने एका प्रेक्षकाला तासाला साधारण 1.1 जीबी, हजार प्रेक्षकांना अकराशे जीबीच्या वर. सिमच्या नव्हे, स्ट्रीमिंग कंपनीच्या ‘अनलिमिटेड’खालची बारीक अक्षरं वाचा. जागा आणि परवानगीसाठी प्रशासनाला वेळेत भेटा. पर्वणीच्या आदल्या रात्री मला फोन करू नका.