वॉक तरंगतोय, वजन दिसत नाही : माझा अनुभव (उत्तर लांबलंय)

तुझी पोस्ट वाचली. चालण्याचं अ‍ॅनिमेशन, म्हणजे वॉक, करायचंय, अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं पाठ आहेत, रिगही (कॅरेक्टर हलवायचा आतला सांगाडा) बरा मिळालाय, पण कॅरेक्टर पाण्यातून चालल्यासारखं वाटतं आणि सर नुसतं 'वजन नाही' म्हणतात, पुढे काहीच सांगत नाहीत. हेच वाक्य मी शिकताना इतकं ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. आधीच सांगते, मी थ्रीडीवाली, टूडीतले लोक काही गोष्टी वेगळ्या करतात, माझं कुठे चुकत असेल तर त्यांनी सांगावं. की (एखाद्या फ्रेमवर नोंदवलेली पोझ) कशी मारायची, टाइमलाइन काय वगैरे सोडून देते, ते तुला येत असणारच.

थोडे दिवस वॉक बाजूला ठेव आणि उसळत्या बॉलचा सराव पुन्हा उघड. माहितीये, बॉल सगळेच सुरुवातीला करतात आणि विसरतात. पण ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल आलेखात दिसते तिथे, त्याचा वर-खालीचा कर्व्ह नीट बघ. बॉल जमिनीला टेकतो त्या कीवर कर्व्ह टोकदार हवा. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा आपणहून तिथे गोलाई देतं, मग बॉल जमिनीजवळ येता येता हळू होतो, अलगद टेकतो, आणि वजन तिथेच जातं. वरच्या टोकाला मात्र कर्व्ह गोलच हवा, कारण वर जाता जाता वेग खरोखरच शून्यावर येतो. पडताना प्रत्येक सारख्या वेळात कापलेलं अंतर १, ३, ५, ७ अशा प्रमाणात वाढतं, एकदा कागदावर खुणा करून बघच. एकूण फ्रेम तेवढ्याच ठेवून फक्त स्पेसिंग (दर फ्रेमला किती अंतर जायचं ते) बदललं तरी तोच बॉल जड वाटतो किंवा तरंगतो. माझ्या मते सुरुवातीला हे एकच तत्त्व हातात बसलं तरी पुष्कळ झालं, स्क्वॉश-स्ट्रेचची (बॉल चेपण्या-ताणण्याची) घाई नको.

आता तुझा वॉक. २४ फ्रेमचा सेकंद आणि १२ फ्रेमचं पाऊल धरलं तर साधारण १ ला कॉन्टॅक्ट (टाच टेकते), ४ ला डाउन, ७ ला पासिंग (मागचा पाय टेकलेल्या पायाजवळून पुढे जातो), १० ला अप (शरीर सगळ्यात वर) आणि १३ ला दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट. हिप सगळ्यात खाली जातो तो डाउनला, म्हणजे टाच टेकल्याच्या नंतर, गुडघा वाकून भार झेलतो तेव्हा. तो कॉन्टॅक्टलाच सगळ्यात खाली ठेवला असशील तर भार झेलला जातोय असं वाटणारच नाही. पासिंगला हिप टेकलेल्या पायाकडे जरा सरकलाय का ते समोरून बघ, बाजूच्या कॅमेऱ्यात ते कळत नाही. आणि सायकल (पुन्हा पुन्हा फिरणारी चाल) जागच्या जागी असेल तर जमिनीवरचं पाऊल एकाच वेगाने मागे गेलं पाहिजे, तिथे इझ (वेग हळूहळू कमी-जास्त होणं) आला की कॅरेक्टर पुढे नेल्यावर पाय घसरतो.

आता ज्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला ते. मी शिकले त्या संस्थेत नियम होता, फायनल रेंडर (शेवटचा तयार व्हिडिओ) असेल तरच सबमिशन घेणार. लाइट, टेक्स्चर, बॅकग्राउंड सगळ्यासकट. ब्लॉकिंग (नुसत्या मुख्य पोझ) दाखवायला गेलं की 'पूर्ण करून आण'. मग आम्ही रात्र रात्र रेंडर लावून बसायचो आणि शेवटी शेरा काय, तर 'वजन नाही'. तोवर हिपची एक की हलवायची तरी सगळं पुन्हा रेंडर करावं लागायचं, तेवढ्यात पुढची असाइनमेंट आलेली असायची, त्यामुळे कोणाचंच काही दुरुस्त व्हायचं नाही. ऑफिसात विचारलं तर 'अभ्यासक्रम वरून ठरतो', विषय संपला. परीक्षेत काय, तर अँटिसिपेशनची (हालचालीआधीच्या तयारीची) व्याख्या लिहा! डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ही बारा तत्त्वं १९८१ मध्ये मांडली ती कित्येक वर्षांच्या प्रत्यक्ष कामातून, आणि आमच्याकडे ती पाच मार्कांची टीप झाली. अजून राग येतो, कारण आमच्या वर्गात हात चांगला असलेली मुलं होती आणि आपल्याला जमत नाही असं समजून त्यांनी हे सोडून दिलं.

नोकरीत एका सीनियरने माझा करड्या रंगातला, स्टेप्डमधला (एका पोझवरून थेट दुसरीवर जाणारा) शॉट बघितला, हिपचा कर्व्ह उघडला, डाउनची की थोडी पुढे सरकवली आणि तेच कॅरेक्टर जमिनीवर आलं. दोन मिनिटांचं काम. म्हणून माझा आग्रह आहे, सर मागोत न मागोत, ब्लॉकिंग कोणाला तरी दाखवच, स्प्लाइन करण्याआधी, म्हणजे पोझांमधली हालचाल गुळगुळीत करण्याआधी. ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये असशील तर कीचं इंटरपोलेशन (दोन कीमधली हालचाल भरायची पद्धत) कॉन्स्टंट ठेव, म्हणजे पोझ आहे तशी दिसते, मधल्या गुळगुळीतपणाला भुलायला होत नाही. अर्थात सगळ्यांना हीच पद्धत मानवते असं नाही, काही चांगले लोक पहिल्यापासून स्प्लाइनमध्येच काम करतात.

जाता जाता, स्वतःच्या चालण्याचा व्हिडिओ रेफरन्सला घेणार असशील तर फोन बऱ्याचदा ३० फ्रेमने आणि तेही कमी-जास्त वेगाने रेकॉर्ड करतो. आधी तो स्थिर २४ वर बदलून घे, मगच फ्रेम मोज, नाहीतर आकडे जुळत नाहीत आणि आपण उगीच रिगला दोष देत बसतो.

इथे पुढचं टाकताना लाइट वगैरे काही नको. समोरून आणि बाजूने साधा व्ह्यूपोर्टचा (रेंडर न केलेला, काम करताना दिसतो तसा) व्हिडिओ आणि हिपच्या वर-खाली कर्व्हचा स्क्रीनशॉट टाक, १ ते २५ फ्रेम दिसतील असा. मी बघते, बाकीचेही सांगतील.