एकाच कृतीने केलेली पेल एल प्रत्येकाची वेगळी का लागते?

तुम्ही पाच जणांनी तेच माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), तेच कॅस्केड जातीचे हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुले) आणि तेच यीस्ट घेऊन घरी अमेरिकन पेल एल ही फिकट रंगाची बिअर केली, तरी पाच चवी निघाल्या, त्या का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते पहिला संशय पाण्यावर घ्यावा. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या पाण्यासारखे सल्फेट जास्त असेल, तर कडवटपणा कोरडा आणि धारदार लागतो. क्लोराइड जास्त असेल, तर तीच बिअर गोलसर आणि माल्टकडे झुकलेली वाटते.

दुसरे कारण तापमान. माल्ट ६५ अंश सेल्सियसला भिजवले, तर यीस्टला पचणारी साखर अधिक सुटते आणि बिअर हलकी होते. ६९ अंशांना ती भरदार राहते. पुढे आंबवताना १८ अंशांच्या आसपास चव स्वच्छ येते, तर २५ अंशांच्या खोलीत फळांचा वास डोकावू लागतो. हॉप्सच्या पाकिटावरील अल्फा आम्लाचे, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या घटकाचे, प्रमाणही हंगामागणिक बदलते, त्यामुळे केवळ वजन सारखे असून भागत नाही.

ग्लास नाकाशी धरल्यावर एकाला ग्रेपफ्रूटच्या सालीचा आणि दुसऱ्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर दुसऱ्याच्या बाटलीत भरताना हवा शिरली असण्याची शक्यता मोठी आहे.

तुलना करताना तीन ग्लास, दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, असे नावे झाकून ठेवा आणि वेगळा ग्लास ओळखता येतो का, ते आधी पाहा.