डिस्चार्ज बुकातलं आईचं नाव आधारशी जुळत नाही, वडिलांची जन्मतारीखही वेगळी: दुरुस्ती कुठून सुरू करायची?

तुमचे वडील मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. डिस्चार्ज बुकात (फौजेतून निवृत्त होताना मिळणाऱ्या नोंदपुस्तिकेत) आईचं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) आईच्या जन्मतारखेची जागा मोकळी आहे. वडिलांची जन्मतारीख फौजेच्या कागदावर एक आणि आधारवर दुसरीच आहे. बँक म्हणते स्पर्शवर (फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर) करा, स्पर्शवरून अर्ज परत येतो, आणि आता जायचं कुठं, असा तुमचा प्रश्न आहे.

सगळ्यात आधी: वडील हयात आहेत, सही करू शकतात, तोवर हे काम उरका. आज त्यांच्या एका प्रतिज्ञापत्राने जे मिटतं, तेच त्यांच्या पश्चात आईला 'मीच त्यांची पत्नी' हे सिद्ध करत मिटवावं लागतं, आणि तोपर्यंत फॅमिली पेन्शन अडकून राहते. कोल्हापूर जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत आणि अशा अडकलेल्या केसेसही गावोगाव आहेत.

अर्ज करण्याआधी चूक नेमकी कोणत्या कागदात शिरली ते शोधा. भरतीच्या वेळी शीट रोल, म्हणजे सैनिकाची मूळ सेवानोंद, तयार होतो. लग्न आणि मुलांचे जन्म युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डरने (नोंदबदलाच्या लेखी आदेशाने) त्यात चढतात आणि किंड्रेड रोलमध्ये (कुटुंबीयांच्या यादीत) येतात. निवृत्तीच्या वेळी त्यावरूनच डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा क्लेम बनतो. क्लेमवरून प्रयागराजचं पीसीडीए पेन्शन (संरक्षण खात्याचं पेन्शनचं लेखा कार्यालय) पीपीओ काढतं आणि आता तोच डेटा स्पर्शवर दिसतो. वरच्या दांडात फुटलेलं पाणी खालच्या सरीत अडवून उपयोग नाही. शीट रोलमध्येच चूक असेल तर स्पर्शवर कितीही वेळा विनंती टाकली तरी ती रेकॉर्ड ऑफिसच्या (रेजिमेंटच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) नोंदीशी ताडली जाते आणि परत येते. उलट शीट रोल बरोबर असेल आणि फक्त पीपीओत अक्षर चुकलं असेल, तर काम खूपच हलकं होतं.

म्हणून पहिलं पत्र दुरुस्तीचं नको. शीट रोलमधलं कुटुंबाचं पान, किंड्रेड रोल आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर यांच्या प्रती मागा. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. इतरांसाठी सांगतो: तोफखाना नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स खडकी, सिग्नल्स जबलपूर, महार रेजिमेंट सागर, ईएमई सिकंदराबाद. साध्या पत्राला उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. अर्ज वडिलांच्या नावाने आणि त्यांच्याच सहीने करा. मुलाने केला तर ती त्रयस्थाची वैयक्तिक माहिती ठरवून नाकारली जाऊ शकते.

आता तुमच्या तीन चुका. तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत, एकाच अर्जात कोंबू नका.

वडिलांची जन्मतारीख. भरतीच्या वेळी नोंदलेली तारीख निवृत्तीनंतर बदलून मिळत नाही. नोंद करताना कारकुनाकडून अंक चुकला आणि मूळ शाळेचा दाखला वेगळं सांगतो, एवढ्याच परिस्थितीत विचार होतो. आपल्याकडे जुन्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यावर सर्रास 1 जून असतो, तोच भरतीच्या वेळी लागला, आणि आधार काढताना घरच्यांनी तोंडी दुसरीच तारीख सांगितली, असं बहुतेक घरांत झालेलं आहे. तेव्हा इथे आधार फौजेच्या तारखेवर आणा. आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं, त्यामुळे केंद्रावर जाण्याआधी शाळेचा दाखला, डिस्चार्ज बुक आणि पॅन समोर ठेवून कोणती तारीख, कोणतं स्पेलिंग, हे एकदाचं ठरवा. आधार आणि पॅन दोन्ही त्यावरच आणा.

आईचं नाव. माहेरचं आणि सासरचं नाव पूर्ण वेगळं असेल तर तो स्पेलिंगचा नाही, नावबदलाचा विषय आहे. आईचं आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, बँक सगळीकडे सासरचं नाव असेल, तर इथे मात्र फौजेची नोंद बदलून घ्यायची. त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, वडिलांचं प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचा जॉइंट फोटो, दोघांचं आधार-पॅन, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या साक्षांकित प्रती जोडा. प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं जशी कागदावर आहेत तशी अक्षरन् अक्षर लिहून 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच, माझी पत्नी' असं स्पष्ट म्हणा. ते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं असावं, नोटरीचं अनेकदा परत येतं. लग्नाची नोंदणीच झाली नसेल तर गावात ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) विवाह निबंधक असतो, कितीही वर्षांनी ती करून घेता येते. फक्त एखादं अक्षर कमी-जास्त असेल तर राजपत्राची गरज सहसा पडत नाही, प्रतिज्ञापत्र पुरतं.

आईची जन्मतारीख ही लोक सोडून देतात आणि पुढे तीच सगळ्यात महाग पडते. फॅमिली पेन्शनवर वयाच्या 80 व्या वर्षी 20 टक्के, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि 100 ला 100 टक्के वाढ मिळते, ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. पीपीओवर तारीख नसेल तर वाढ आपोआप लागत नाही, आणि ऐंशी ओलांडलेली बाई कागद गोळा करत फिरते. पॅन, पासपोर्ट किंवा शाळेचा दाखला यांतलं जे असेल ते जोडून नावाच्या कागदांसोबत हेही पाठवा. नाव आणि तारीख दोन्ही आईचीच आहेत, म्हणून हे दोन अर्ज एकाच पाकिटात चालतात.

अर्जावर सर्व्हिस नंबर मागच्या अक्षरासकट, रँक, डिस्चार्ज बुकातलं नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर लिहा. खाली दोन ओळींचा तक्ता: 'सध्याची नोंद' आणि 'हवी असलेली नोंद'. कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तपासून, त्यांचं पत्र लावून पाठवा, म्हणजे साक्षांकनावरून परत येण्याची पाळी कमी येते. मूळ डिस्चार्ज बुक कुणालाही पोस्टाने पाठवू नका, आणि त्यावर पेन किंवा व्हाइटनर अजिबात लावू नका. खाडाखोड दिसली की बाकीच्या बरोबर नोंदींवरही शंका येते. थेट प्रयागराजला पत्र लिहिण्यात महिने जातात, कारण नाव-तारखेच्या बाबतीत ते रेकॉर्ड ऑफिसच्या शिफारशीशिवाय पुढे जात नाहीत.

बेळगाव जवळ असल्याने समक्ष जाणं सोपं आहे. जाताना वडिलांना सोबत न्या. काउंटरवर दुरुस्ती होत नाही, पण कोणता कागद कमी आहे ते तिथेच कळतं.

मंजुरी आली की 'झालं' समजू नका. दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघाली का, तिचा नंबर आणि तारीख मागून घ्या. त्यानंतर करिजेंडम (दुरुस्तीचा) पीपीओ निघतो. तो स्पर्शवर उतरला का, ते लॉगिन करून प्रोफाइलमध्ये बघा. पत्ता आणि मोबाइल तुम्ही स्वतः बदलू शकता, नाव-तारीख-रँक नाही. तिथे आईचं नाव, जन्मतारीख आणि आधार एकसारखे दिसले की मगच फाइल बंद करा. त्याच बसणीत वडिलांचा रँक, ग्रुप आणि क्वालिफाइंग सर्व्हिसही (पेन्शनसाठी धरलेली सेवा) ताडून पाहा. ओआरओपीचे (वन रँक वन पेन्शनचे) तक्ते अर्ध्या-अर्ध्या वर्षाच्या टप्प्याने चालतात, आणि तीन महिने किंवा जास्त सेवा झाली की अर्धं वर्ष धरतात. म्हणजे दोन-तीन महिन्यांची सेवा नोंदीत कमी लागली तरी टप्पा घसरू शकतो.

वडिलांनी निवृत्तीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) दुसरी नोकरी केली असेल, तर ते रेकॉर्ड केरळात कन्नूरला आहे. बेळगावची दुरुस्ती तिथे आपोआप जात नाही, तिकडे वेगळा अर्ज लागतो.

रेकॉर्ड ऑफिसने कारण देऊन नाकारलं तर त्या पत्रापासून सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. रीतसर निवेदन देऊन सहा महिने उत्तरच आलं नाही, तरीही. त्यासाठी स्पीड पोस्टच्या पावत्या आणि पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये तारखेवार लावा.